लॅपटॉपचा आवाज बसला? आधी तपासा, मग ड्रायव्हरला हात लावा

मे महिन्यातली दुपार. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या घरात. खोलीत कूलर घरघरतो आहे आणि प्रवेश परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी लॅपटॉपपुढे कान लावून लेक्चर ऐकतो आहे. ‘काहून बाप्पा, आवाजच येऊन नाही राहिला!’ उन्हाळ्यात अकोला-अमरावतीकडच्या घरांत ही तक्रार ओळखीची आहे. अशा वेळी दोन उपाय चटकन सुचतात. इअरफोन घालून आवाज शंभरावर न्यायचा किंवा इंटरनेटवर ‘ऑडिओ ड्रायव्हर’ शोधून समोर येईल ते डाउनलोड करायचे. पहिल्या उपायात कान धोक्यात येतात, तर दुसऱ्यात लॅपटॉप आणि कधी कधी बँक खातेही!

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि लॅपटॉपमधील साउंड चिप यांच्यातला दुभाष्या. तो बिघडला तर आवाज अचानक बंद होतो, खरखरतो किंवा एखाद्या अपडेटनंतर एकाएकी कमी होतो. पण लॅपटॉप घेतला तेव्हापासूनच आवाज कमी असेल, तर त्यात ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो.

आधी हे तपासा

दोन मिनिटे कूलर बंद करून ऐका. आवाज पुरेसा वाटला, तर लॅपटॉप ठीक आहे. कूलरची घरघर बोलणे झाकून टाकते आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. अनेक लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात, ते कापडात दबतात. टेबलावर ठेवताच फरक कळतो. जाळीत धूळ साचली असेल, तर लॅपटॉप बंद करून कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. पिन घालू नका.

मग सेटिंग पाहा. व्हिडिओचा, ब्राउझरचा आणि विंडोजचा आवाज वेगवेगळा असतो, तिन्ही तपासा. विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, साउंड येथे जाऊन स्पीकर निवडा आणि ‘एन्हान्स ऑडिओ’ सुरू करून बघा. काही लॅपटॉपवर ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ हा पर्यायही मिळतो. त्यामुळे हळू आवाज वर येतो आणि शिक्षकांचे बोलणे स्पष्ट होते. व्हिडिओ कॉल सुरू होताच इतर आवाज पडत असेल, तर जुन्या साउंड पॅनेलमधील ‘कम्युनिकेशन्स’मध्ये ‘डू नथिंग’ निवडा. तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सोय असते.

ड्रायव्हर कुठून घ्यावा?

जागा दोनच : विंडोज अपडेट आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ. साउंड चिप एकच असली, तरी प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलच्या स्पीकरनुसार ड्रायव्हर जुळवून घेते. म्हणून लॅपटॉपच्या खाली लिहिलेला मॉडेल क्रमांक पाहूनच फाइल घ्या. ‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगणाऱ्या खिडक्यांवर क्लिक करू नका. त्यातून जाहिराती, पैशांची मागणी किंवा व्हायरसही येऊ शकतो. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

अपडेटपूर्वी रिस्टोअर पॉइंट तयार करा. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून बॅटरी पूर्ण भरून घ्या. अपडेटनंतर आवाज बिघडला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड डिव्हाइसच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडा. ते बटण फिकट असेल, तर डिव्हाइस अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच ड्रायव्हर बसवते.

एवढे करूनही आवाज कमीच राहिला, तर ती स्पीकरची मर्यादा समजा. आवाज कानाला दुप्पट वाटायचा, तर साधारण दहापट शक्ती लागते. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरकडे ती नसते. ‘बूस्टर’ने आवाज ताणला की तो फाटतो आणि स्पीकरही तापून खराब होऊ शकतो. त्यापेक्षा साधा बाहेरचा स्पीकर जवळ ठेवणे बरे.

कानांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. रोज सहा-सात तास लेक्चर ऐकणाऱ्याची मुदत ८० डेसिबलवरच संपत येते. कूलरवर मात करायला आवाज वाढवला, तर ती दोन-तीन दिवसांतही संपेल. त्यामुळे बाहेरचा आवाज अडवणारे, कान नीट झाकणारे हेडफोन घ्या, आवाज कमी ठेवा, सबटायटल सुरू करा आणि तासाभराने कानांना विश्रांती द्या.

शेवटची तपासणी सर्वांत सोपी आहे. घरातल्या दुसऱ्या कोणाला तोच व्हिडिओ, त्याच आवाजात, त्याच जागी बसून ऐकायला सांगा. त्यांना स्वच्छ ऐकू आले आणि तुम्हाला नाही, किंवा रात्री कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर संगणक दुरुस्तीवाल्याकडे नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कदाचित कानात मळ साचला असेल, कदाचित श्रवणशक्ती कमी होत असेल. बिघडलेला ड्रायव्हर मागे घेता येतो. मोठ्या आवाजाने कानाच्या आतील पेशी एकदा मेल्या, की त्या पुन्हा येत नाहीत.