न फुटलेली स्फोटके आणि लष्करांचा एकत्रित अभ्यास

पुणे : लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी वीस लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. त्यातील क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या छोट्या बॉम्बपैकी सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. टेनिसच्या चेंडूएवढे हे गोळे आजही शेतात सापडतात आणि मुले खेळणे समजून ते उचलतात. धोका ओळखता न येणे, हेच तेथे मृत्यूचे कारण ठरते.

अशा धोक्याला सामोऱ्या जाणाऱ्या सैन्यदलांनी एकत्र शिकावे, या हेतूने मार्च २०१६ मध्ये पुण्यात ‘फोर्स १८’ हा सराव झाला. आसियान गटातील दहा देशांबरोबरच भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका यांच्यासह १८ देशांचा त्यात सहभाग होता. मानवतावादी सुरुंगनिवारण आणि शांतिरक्षण हे त्याचे विषय. भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते. त्यानंतर २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकी देशांबरोबरचे सरावही पुण्यातच झाले.

स्फोटक निकामी करणे हे तज्ज्ञांचे काम. सामान्य सैनिकाचा पहिला धडा हात न लावण्याचा असतो. ताजी उकरलेली माती, गवतात दिसणारी तार, वापरात नसलेली पायवाट यांपैकी काहीही आढळले की थांबायचे, सोबत्यांना सावध करायचे, आल्या पावलांवरूनच मागे फिरायचे आणि जागेवर खूण करून तज्ज्ञ पथकाला कळवायचे. वाचायला सोपे, पण दमलेल्या गस्तीला कठीण. यंत्रावरही विसंबून चालत नाही : प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू नाममात्र असतो, तर गंजका खिळाही यंत्राला ओरडायला लावतो.

एकत्रित सरावाची खरी गरज खुणांच्या बाबतीत जाणवते. रंगवलेल्या दगडाची लाल बाजू धोक्याकडे आणि पांढरी सुरक्षित जागेकडे, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. एका देशाच्या तुकडीने ठेवलेला दगड दुसरीने उलटा वाचला, तर साफ झालेली वाट कोणती हेच कळणार नाही.

भारताने १९९७ च्या ओटावा सुरुंगबंदी करारावर स्वाक्षरी केलेली नाही. लांब सीमांच्या संरक्षणाची गरज हे त्यामागे सांगितले जाणारे कारण आहे. त्यामुळे सुरुंग पेरण्याचा पर्याय राखून ते काढण्याचे प्रशिक्षण देण्यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

सुरुंगग्रस्त भागात पहिली माहिती मात्र बहुधा यंत्राकडून नव्हे, गुराख्याकडून मिळते. कोणत्या माळावर जनावर दगावले, कोणती वाट गावाने सोडली, हे त्यालाच ठाऊक असते. त्यामुळे गावकऱ्यांशी बोलून, दुभाष्याच्या मदतीने नकाशा तयार करणे हाही सुरुंगनिवारणाचाच भाग मानला जातो.