बॉडी झकास, ट्रेनिंगचं काय?

संध्याकाळचे साडेसात. खोपटच्या एसटी डेपोतून लाल डबा बाहेर पडतोय, त्याच्यापुढे रिक्षा आडवी, रिक्षापुढे बाइक आणि या सगळ्यात ऑफिसची सॅक पाठीला लावून आपण! सिग्नल काही सुटत नाही म्हणून मोबाइल काढावा, तर स्क्रीनवर बनियनमधला हीरो हजर. 'भावा, पोट सुटलंय? नव्वद दिवसांत बदलून टाकतो!' खाली दोन फोटो. डावीकडे ढेरी, उजवीकडे सिक्स पॅक. 'फिट' असा मेसेज टाका आणि लाइफ बदला.

मी टाकला. गेल्या वर्षीची गोष्ट. चार हजार रुपये भरले आणि दुसऱ्या दिवशी माझा 'खास माझ्यासाठी बनवलेला' प्लॅन आला. अकरा पानी पीडीएफ. मी फॉर्ममध्ये व्हेज लिहिलं होतं. नाश्त्याला चार अंडी! म्हटलं, होते चूक. मग लंच टाइममध्ये शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीनं तिचा प्लॅन दाखवला. त्याच हीरोचा. तीच अकरा पानं, तीच चार अंडी. तिचं वजन बावन्न किलो, माझं एक्क्याण्णव. आणि दोघांच्याही फाइलच्या नावात तिसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न नव्हता: आधी काही दुखणं आहे का? माझी कंबर कॉलेजपासूनची जुनी दुखरी. दुसऱ्याच आठवड्यात डेडलिफ्ट करताना ती अशी धरली की पुढचे दीड महिने लोकलमध्ये उभं राहण्याची चोरी. ट्रेनरला मेसेज केला, तर दंड फुगवलेला इमोजी आला. त्यानंतर दोन निळ्या टिका, बस्स.

अमेरिकेत तर हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. ब्रिटनी डॉन ही टेक्सासची फिटनेस इन्फ्लुएन्सर. पर्सनल प्लॅन आणि पर्सनल कोचिंग अशी जाहिरात करून तिनं ऑनलाइन पॅकेजं विकली. पैसे भरणाऱ्यांची तक्रार काय, तर सगळ्यांना मिळाला तो एकच साचा आणि कोचिंगच्या नावानं अधूनमधून 'शाब्बास'! २०२२ मध्ये टेक्सास राज्यानं तिच्यावर खटला भरला आणि २०२३ मध्ये चार लाख डॉलरवर तडजोड झाली. आपला चार हजारांचा हिशेब कोण मांडणार?

पण मी फसलो कशाला? मनाशी प्रामाणिकपणे विचारलं, तर उत्तर लाजिरवाणं आहे. त्याचे दंड बघून! ज्याची स्वतःची बॉडी अशी, त्याला येतच असणार, हे माझं लॉजिक. आता ट्रेनर स्वतः धडधाकट असावा, यात वाद नाही. पण त्याला काय जमलं, हे त्याचं शरीर सांगतं. माझ्या कमरेचं काय करायचं, हे त्याला कळतं का, ते कुठे सांगतं? आणि काय जमलं ते सांगेल, कसं जमलं ते सांगेलच असंही नाही. 'लिव्हर किंग' नावानं गाजलेला ब्रायन जॉन्सन आठवतो? कच्चं लिव्हर खा, आदिमानवासारखं जगा, असं लाखो फॉलोअर्सना सांगायचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कबूल करून बसला की स्टेरॉइड्स घेत होतो.

त्या डाव्या-उजव्या फोटोंची तर वेगळीच गंमत. डावीकडे पोट सैल, खांदे पाडलेले, ट्यूबलाइट डोक्यावर. उजवीकडे श्वास रोखलेला, अंगाला तेल, लाइट बाजूनं आणि फोटोआधी पंधरा मिनिटं पुशअप्स. एवढ्या भांडवलावर तीन महिन्यांचा फरक एका दुपारीत दाखवता येतो. आणि ज्यांचा फोटो आला, ते किती जणांपैकी? निम्म्यात सोडून गेले, ज्यांचे गुडघे गेले, त्यांचे फोटो कुठे असतात?

सँडोही पोस्टानेच शिकवायचा!

यात नवीन काही नाही, बरं का. यूजीन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन ताकदीचे खेळ करून गेला, तो स्वतःचे फोटो विकायचा, स्वतःच्या नावाची व्यायामाची साधनं विकायचा आणि पोस्टानं कोर्सही चालवायचा. इन्स्टाग्राम नव्हतं, एवढाच फरक. तरीही त्याच्या पोस्टल कोर्ससाठी आधी फॉर्म भरून वय, कामधंदा, मापं कळवावी लागत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा फॉर्म माझ्या फॉर्मपेक्षा बरा म्हणायचा!

आपल्याकडे एका माणसानं मात्र वेगळीच वाट धरली. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमकं काय होतं, हे त्यांनी एक्स-रे काढून, दाब मोजून तपासलं आणि छापलं. म्हणजे 'माझ्याकडे बघा' नाही, तर 'हे आकडे बघा, चूक असेल तर दाखवा'. प्रसिद्धी त्यांनाही हवीच होती, त्याशिवाय कोणी मासिक काढतं का?

एरवी गल्लीतल्या आखाड्याला एक्स-रेची गरज नव्हती. खोपटहून चालत जाण्याच्या अंतरावर चरईत मावळी मंडळ आहे, कबड्डीसाठी नाव असलेलं. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याची पत कशी ठरायची? त्यानं एखाद्याचा खांदा निखळवला, तर त्याची आई संध्याकाळी भाजी घेताना समोर यायची! बायो एडिट करता येतो, भाजीवाल्यासमोरची काकू ब्लॉक करता येत नाही.

अर्थात, ती काकूही नेहमी बरोबर नसते. २०१८-१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राच्या व्हॉट्सअॅपवर पेटलेला 'दीक्षित की दिवेकर' हा वाद आठवा. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे, दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न मिनिटांत. ऋजुता दिवेकर म्हणायच्या, थोडं थोडं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. एकमेकांच्या बरोब्बर उलट, आणि सभा दोघांच्याही हाउसफुल्ल! आपण बाजू कशी निवडली? कुणाच्या मावशीचं वजन उतरलं त्यावरून. आमच्या घरात तर एकाच टेबलावर दोन पक्ष जेवत होते. निदान एकाच वेळी जेवत होते, म्हणायचं.

आता नव्या पोरांचीही बाजू ऐका. जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलेल्या मुलाचा पगार तुटपुंजा. पैसा पर्सनल ट्रेनिंगमध्ये, त्यातही जिमचा वाटा. क्लायंट मिळवायचा तर दिसायला हवं. दिसायचं तर रील हवं. आणि रील चालायचं तर 'हळूहळू होईल, आठवड्याला अर्धा किलो' असं सांगून चालत नाही. खरं बोलणाऱ्याला लाइक मिळत नाही, ही त्यांची अडचण खोटी नाही.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला कायद्यानं लायसन्स लागत नाही. वीकेंडचा कोर्स केलेला आणि वर्षभर अॅनाटॉमी शिकलेला, दोघंही 'सर्टिफाइड'च. पण ऑगस्ट २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या गाइडलाइन्स आहेत: आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं आपली पात्रता सांगावी, आणि हा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही, हेही स्पष्ट करावं. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'अॅस्की'नंही त्याच महिन्यात तसेच नियम आणले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा 'सर्टिफाइड' वाचलं की बिनधास्त विचारा, कुणाकडून? कधी? चिडला, तर चार हजार वाचले!

माझा आताचा ट्रेनर खोपटचाच. नंबर फिजिओथेरपिस्टनं दिला, इन्स्टानं नाही. पहिल्या दिवशी त्यानं वजनाला हात लावू दिला नाही. पाऊण तास नुसते प्रश्न. झोप किती, खुर्ची कशी, कंबर नेमकी कधी दुखते, रिपोर्ट आहेत का. माझा एमआरआय बघून सरळ म्हणाला, हे मला वाचता येत नाही, फिजिओशी बोलून सांगतो. आणि खरंच बोलला! चार महिन्यांत वजन पाच किलो उतरलं. सिक्स पॅकचा पत्ता नाही, पण कल्याण फास्टमध्ये आता उभा राहतो.

फॉलोअर्स त्याचे तीनशे बारा. ते वाढायला हवेत, हे त्यालाही कळतं. परवा वर्कआउट संपल्यावर जरा घुटमळला, मग हळूच विचारलं, "दादा, तुमचा पहिल्या दिवसाचा एखादा फोटो आहे का? डावीकडे लावायला?"

फोटो आहे. ट्यूबलाइटखालचाच आहे. द्यावा की नाही, अजून ठरत नाहीये.