न दुखणारी जखम

मुलांनो, समजा, तुमच्या दादाजानच्या बुटात एक बारीक खडा गेला. ते दिवसभर तसेच चालत राहिले. संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. "दुखले कसे नाही?" असे तुम्ही विचाराल. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह असेल, तर असे होऊ शकते.

रक्तातील साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली, तर पायांतील मज्जातंतू निकामी होऊ लागतात. मग टोचलेले, भाजलेले कळत नाही. रक्तवाहिन्याही अरुंद होतात. पायाला पुरेसे रक्त मिळत नाही, म्हणून जखम लवकर भरत नाही. त्याच जागेवर शरीराचा भार पडत राहतो. जखम चिघळते आणि जंतू हाडापर्यंत पोहोचतात.

दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर पाय कापतील, अशी भीती अनेकांना वाटते. म्हणून ते जखम लपवतात. पण पाय गमावण्याची वेळ बहुधा या उशिरामुळेच येते. वेळेवर केलेली लहान शस्त्रक्रिया पाय वाचवू शकते.

ही शस्त्रक्रिया कशी करतात? प्रथम डॉक्टर पू आणि कुजलेला भाग काढून टाकतात. खाली निरोगी, लाल मांस असले, की जखम भरू लागते. पायाला रक्त कमी मिळत असेल, तर रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तिच्या टोकावरचा फुगा फुगवतात आणि वाट रुंद करतात. कधी दुसरी शीर जोडून रक्ताला नवी वाट करून देतात. तळव्यात हाड टोचत असेल, तर त्याचा थोडा भाग काढतात. मोठ्या जखमेवर मांडीची पातळ कातडी लावतात. कधी एखादे बोट काढावे लागते, पण पाऊल वाचते.

शस्त्रक्रियेनंतर जखमेवर भार पडता कामा नये. त्यासाठी खास प्लॅस्टर किंवा बूट देतात. हे ज्ञान मिळवण्यात भारताचाही वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या पायांनाही वेदना कळत नाहीत. न कळलेला दाब आणि इजा यांमुळेच त्यांना जखमा होतात, हे डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिलच्या रुग्णालयात गेले. पुढे त्यांचे हे ज्ञान मधुमेहाच्या रुग्णांनाही उपयोगी पडले.

मुलांनो, तुम्हीही एक काम करू शकता. दादाजान वुजूसाठी पाय धुतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसा. पाणी फार गरम नाही ना, ते आधी पाहा. बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने कोरड्या करा. तळवे नीट पाहा. फोड, भेग, सूज किंवा काळा डाग दिसला, तर घरच्यांना लगेच सांगा. "दुखत नाही, राहू दे," असे दादाजान म्हणतील. पण दुखत नाही, म्हणूनच त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्यायला हवे.