मैलापाणी आणि कलकत्त्याची तळी

नळाला पाणी आले नाही तर आपण नगरपालिकेवर मोर्चा नेतो. परंतु तेच पाणी वापरून झाल्यावर मोरीतून कोठे गेले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, येथे १९८० नंतरच्या दशकात एका सरकारी अभियंत्याने ही चौकशी केली. त्यांचे नाव ध्रुवज्योती घोष. शहराच्या मैलापाण्याचा माग काढीत ते पूर्वेकडे गेले, आणि जेथे शुद्धीकरणाचा कारखाना असावयाचा तेथे त्यांना मासे पोसणाऱ्यांची तळी दिसली.

याचा उलगडा होण्यासाठी त्या शहराची ठेवण पाहिली पाहिजे. पश्चिमेस हुगळी नदी. तिने गाळ टाकून टाकून स्वतःचा काठ उंच केला आहे, म्हणून शहराचा उतार नदीकडे नसून पूर्वेच्या दलदलीकडे आहे. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गटारे बांधली गेली, तीही या उताराला धरूनच. पूर्वेस विद्याधरी नावाची भरतीओहोटीची नदी होती. तिचे खारे पाणी या खोलगट भागात शिरे. पुढे ती गाळाने भरली आणि १९२८ साली निचऱ्याच्या कामी मृत ठरविली गेली. खारे पाणी गेले, त्यातले मासेही गेले. तेव्हा तळी कसणाऱ्या लोकांनी शहराचे मैलापाणीच आत घेऊन पाहिले. ही युक्ती कोणा तज्ज्ञाच्या अहवालातून निघालेली नाही. ती गरजेतून निघाली.

या तळ्यांना तिकडे ‘भेडी’ म्हणतात. थंडीत भेडी उपसून कोरडी करतात, गाळ काढतात, तळ उन्हात तापू देतात. मग मैलापाणी घेऊन ते काही दिवस तसेच निवू देतात. पाणी कमरेइतके, फार तर छातीइतके. त्यामुळे ऊन खोलवर पोहोचते. मैल्यातील घाण सूक्ष्म जंतू फोडतात, आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. तो पुरविते पाण्यातले शेवाळ. आणि शेवाळाला खत मिळते ते जंतूंनी फोडलेल्या घाणीतून. ही देवघेव दिवसा उन्हात उत्तम चालते. रात्री मात्र शेवाळच प्राणवायू घेऊ लागते, आणि ते फार माजलेले असले तर पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात. म्हणून ते खाऊन आटोक्यात ठेवणारे मासे हवेत. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया ही ती मंडळी. मैलापाणी आणखी किती सोडावयाचे, हे भेडीवरचा माणूस पाण्याचा रंग पाहून ठरवितो. आपल्या नद्यांची डोकेदुखी झालेली जलपर्णी तेथे काठाने मुद्दाम राखतात. लाटांचा मार ती सोसते आणि बांध वाचतो.

मत्स्याहारी वाचकांच्या मनात एव्हाना शंका आली असेल. मैल्यावर वाढलेले मासे खावयाचे कसे? शंका रास्त आहे, पण तिचे दोन भाग करावे लागतात. माणसाच्या मैल्यातील रोगजंतूंचा नाश ऊन आणि काळ हे दोघे मिळून पुष्कळ अंशी करतात. कारखान्यांतून येणाऱ्या जड धातूंपुढे मात्र सूर्य हतबल आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शहरातील चामड्याचे कारखाने बाहेर हलविण्याचा हुकूम दिला. ते गेले बानतल्याला, म्हणजे याच पाणथळीच्या कडेला!

या भागात धापा नावाची जागा आहे. शहराचा कचरा तेथे पडे आणि त्या कुजलेल्या कचऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भाजीचे मळे पिकत आले. कचरा म्हणजे भाजीची देठे, राख आणि शेण होते तोवर हे साधले. प्लास्टिक आल्यापासून त्या कचऱ्याची माती होत नाही, डोंगर होतो.

एकंदर १२,५०० हेक्टरांच्या या पट्ट्यातून शहराला वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासे मिळतात. शहरातून पाणी लोटण्यास पंप लागतात हे खरे. पण शुद्धीकरणाचे काम ऊन फुकट करते. आता हवामान बदलत चालले आहे, थोड्या तासांत पुष्कळ पाऊस कोसळू लागला आहे, आणि कलकत्ता समुद्रसपाटीहून थोडेच मीटर उंच आहे. अशा शहराला पाणी पसरावयास सखल जागा उरली नाही तर ते रस्त्यांवर व घरांत पसरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीच्या काठच्या बुजविलेल्या दलदलीची किंमत मुंबईकरांना कळली. कलकत्त्यानेही बुजविण्यात हयगय केलेली नाही. १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांतून आणून सॉल्ट लेक वसविले गेले, ते याच तळ्यांवर. पुढे नागरिक न्यायालयात गेले आणि १९९२ साली उच्च न्यायालयाने उरलेल्या पाणथळीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ साली रामसर करारान्वये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, २००६ साली राज्याचा कायदा झाला.

कायद्याने भराव घालणे अवघड झाले, पण भेडी जिवंत राहण्यास मैलापाणी वेळेवर मिळावे लागते, आणि खरा झगडा तेथेच आहे. कालव्यातील पातळी उंच असेल तरच पाणी आपल्या उताराने दूरच्या भेड्यांत पोहोचते. पावसाळ्यात शहराला मात्र तोच कालवा रिकामा हवा असतो, नाही तर गल्ल्या तुंबतात. बानतल्याच्या दरवाजापाशी या दोन मागण्या समोरासमोर येतात. गाळाने कालवा जितका उथळ होतो तितके दोघांचेही भागविणे कठीण होते. आणि ज्या भेडीला पाणी पोहोचत नाही, तिच्या काठावर जमिनीचे दलाल येऊन उभे राहतात.