दिसू नये म्हणून घडवलेले पेन

पार्कर ५१ या पेनावर हौशी मंडळींचे एकमत आजवर झालेले नाही, आणि गंमत अशी की वाखाणणारे आणि नाक मुरडणारे दोघेही बोट एकाच जागी ठेवतात. या पेनाची निब झाकलेली आहे. एका पक्षाचे म्हणणे, म्हणूनच आठवडाभर दप्तरात पडून राहिलेले पेन टोपण काढताक्षणी लिहू लागते. दुसऱ्याचे म्हणणे, म्हणूनच त्यात जीव नाही; सोन्याच्या निबेचे पैसे मोजायचे आणि तिचे टोक तेवढे पाहायचे, हा कसला शौक? दोघेही खरे बोलत आहेत. तरी निवाडा करायचा झाला तर साक्ष पहिल्या पक्षाची धरावी लागते, म्हणजे वापरणाऱ्यांची. कारण ५१ ज्या अडचणीतून जन्मले ती लिहिणाऱ्याची अडचण होती. पाहणाऱ्याच्या नजरेने त्याची किंमत करू लागलो की ज्या गोष्टीत त्याची कमाई आहे तीच दोष म्हणून नोंदली जाते. आज संग्राहकांच्या बाजारात नेमके हेच होत आहे.

या पेनाची हकिकत शाईपासून सुरू होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल या गावी जॉर्ज पार्कर यांनी १८८८ मध्ये कंपनी काढली. १९३० च्या दशकापर्यंत तिची मोठी डोकेदुखी होती ती ओल्या अक्षरांची. सही केली की टिपकागद दाबायचा, नाहीतर हात फिरला की ओळ फराटली. १९३१ मध्ये आलेल्या क्विंक शाईने त्यावर थोडा उतारा दिला. पुढची शाई मात्र जहाल होती. तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ती कागदात झटकन शिरायची आणि अक्षर लिहितालिहिता कोरडे व्हायचे. पण त्या काळी पेने बनायची सेल्युलॉइडची, आणि सेल्युलॉइड ही शाई खाऊन टाकत असे. शिवाय इतक्या लवकर वाळणारी शाई उघड्या निबेवरही वाळणारच. म्हणून पेनाचे अंग ल्युसाइटचे, म्हणजे ड्यूपाँट कंपनीच्या ॲक्रिलिकचे, केले गेले. युद्धकाळात विमानांच्या पारदर्शक खिडक्यांना वापरले गेले तेच हे प्लास्टिक. निब पन्हळीऐवजी नळीच्या आकाराची केली आणि ती टोकापर्यंत कवचात घेतली, म्हणजे वारा लागायला जागाच उरली नाही. निबेवर झाकण घालण्यामागे सौंदर्यदृष्टी किती आणि नाइलाज किती, असा प्रश्न कोणी केला तर नाइलाजाच्या पारड्यात बरेच वजन पडेल. पेन तयार झाले १९३९ साली, कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तोच आकडा नाव म्हणून ठेवला गेला. अमेरिकेच्या बाजारात ते १९४१ मध्ये आले. बाउहाउस या कलाशाळेतले कलावंत लास्लो मोहोय-नाज यांनी ते रेखाटले अशी एक आख्यायिका अजून फिरते. त्यांनी या पेनाचे कौतुक केले आणि पुढे ते कंपनीचे सल्लागारही झाले, पण तोवर पेन दुकानांत पोहोचून गेले होते. आख्यायिका टिकली यातही नवल नाही. देखण्या वस्तूला कलावंत बाप हवा असतो, शाईचा रसायनतज्ज्ञ कोणाला चालत नाही.

कवचाच्या आत जे आहे ते त्याहून महत्त्वाचे. साध्या पेनात निबेखाली एक जीभ असते आणि तिच्यावरच्या बारीक खाचांतून शाई उतरते. ५१ मध्ये तिच्याभोवती पातळ चकत्यांची एक उतरंड बसवली आहे, तिला कलेक्टर म्हणतात. खिशात अंगाच्या उबेने पेन तापते, टाकीतली हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. इतर पेनांत ही जादा शाई टोपणात सांडते आणि तिथून सदऱ्यावर येते. इथे ती चकत्यांच्या फटींत अडकून राहते आणि लिहिताना हळूहळू वापरली जाते. विमानात हवेचा दाब घटला तरी हाच हिशेब. नेमाने ५१ वापरणाऱ्यांचे अनुभव ऐकले तर त्यांत निबेचे वर्णन फारसे येत नाही. गळत नाही, अडत नाही, वाक्याच्या मध्ये विचार करत थांबलो तरी पुढचा शब्द कोरडा उमटत नाही, टोपण फिरवावे लागत नाही, सरळ ओढले की निघते: अशी नकारांची माळच ऐकू येते. म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. कौतुक करायला बसलेला माणूस सहसा अशी भाषा वापरत नाही. कामाच्या वस्तूवर विसंबलेला वापरतो.

शाई भरण्याच्या दोन पद्धतींकडे पाहिले की दोन पक्षांतली फारकत आणखी उघड होते. सुरुवातीच्या ५१ मध्ये व्हॅक्युमॅटिक यंत्रणा होती. मागची छोटी टोपी काढून दट्ट्या दहाएक वेळा दाबायचा, आतला रबरी पडदा हलतो आणि शाई वर चढते. शाई भरपूर मावते, पण रबर हे रबरच. काही वर्षांनी ते कडक होते किंवा वितळते आणि पेन जाणकार दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे लागते. १९४८ मध्ये एरोमेट्रिक पद्धत आली. पेनाचा मागचा भाग काढायचा, धातूच्या नळीतली पट्टी काही वेळा दाबायची, संपले. आतली पिशवी कंपनीने प्लाय-ग्लास असे नाव दिलेल्या प्लास्टिकची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही यातल्या कितीतरी पिशव्या मूळच्याच आहेत, आणि नुसत्या पाण्याने धुऊन पेन पुन्हा चालू झाल्याचे हौशी मंडळी वारंवार सांगतात. रोज लिहिणारा म्हणून एरोमेट्रिक शोधतो. संग्राहक मात्र १९४१ च्या आसपासचे, दोन्ही टोकांना रत्नासारखे खडे बसवलेले व्हॅक्युमॅटिक हवे म्हणतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतो. त्यावर रंगांची प्रतवारी: काळे आणि करडे मुबलक, जांभळट प्लम दुर्मीळ, म्हणून प्लमला भाव. अक्षर प्लमने चांगले येते असे कोणाचेच म्हणणे नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात जोरदार आक्षेप अक्षराचा. लवचीक निबेवर दाब दिला की रेघ जाड होते, सोडला की बारीक. ही नजाकत ५१ च्या ताठ निबेत नाही. शिवाय निब दिसत नसल्याने ती कागदावर नीट टेकली की किंचित फिरली, हे नव्या हाताला कळत नाही आणि मग ओळ खरखरते. हे मान्यच करायला हवे. देवनागरीच्या बाबतीत तर आक्षेप अधिक टोकदार होतो, कारण आपल्या अक्षरांचे जाड-बारीक वळण मुळात तिरप्या कापलेल्या बोरूने घडवले आहे, आणि गोल टोकाची ताठ निब ते वळण सपाट करते. पण बोरूचे अक्षर पोथीचे आणि कित्त्याचे होते. विसाव्या शतकातला लिहिणारा पत्रे, अहवाल, अग्रलेख, उत्तरपत्रिका लिहीत होता. त्याला देवनागरीचा दुसराच जाच होता: प्रत्येक शब्दाला शिरोरेघ, आणि तिच्यासाठी पेन पुन्हा पुन्हा उचलून टेकवणे. इतक्या वेळा उचलूनही प्रत्येक टेकीला शाई तयार असणे हे अशा लेखनात नजाकतीपेक्षा मोलाचे ठरते. ज्यांना सुलेखन करायचे आहे त्यांच्यासाठी ५१ नाहीच. टाक आणि कटनिब अजून मिळतात. लिहिण्याच्या पेनाने चित्र काढता येत नाही ही तक्रार रास्त असली तरी ती चुकीच्या दारात केलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. आज जी ५१ चालतात ती चांगली होती म्हणूनच उरली, बिघडलेली केव्हाच कचऱ्यात गेली. मग उरलेल्यांवरून सगळ्यांची पारख कशी करायची? तर्क म्हणून हे बिनतोड आहे. तरी दोन गोष्टी त्याची धार कमी करतात. एक, ही पेने थोडीथोडकी नव्हती. तीन दशके ती कोटींच्या हिशेबात बनली, आणि जुन्या बाजारात आजही इतकी सहज मिळतात की साधे काळे एरोमेट्रिक दुर्मीळ वस्तू म्हणून कोणी विकू शकत नाही. दोन, जी सापडतात त्यांतली बरीच जपून ठेवलेली नसतात. वाळलेल्या शाईने भरलेली, टोपणावर चरे पडलेली, कुठल्यातरी खणात विसरलेली असतात, आणि तरी चालू होतात. जपणुकीने टिकलेली वस्तू आणि हेळसांड सोसून टिकलेली वस्तू यांत फरक करायलाच हवा. उलट बाजूही सांगितली पाहिजे: कवचाच्या आत शाई खरोखरच घट्ट वाळली तर कलेक्टर साफ करणे घरगुती काम नाही. कवच उष्णतेने सैल करून उघडावे लागते आणि उतावळ्या हाताने ते तडकते. झाकलेल्या निबेची ही किंमत आहे, आणि कंपनीने ती लिहिणाऱ्याकडून काढून दुरुस्तीवाल्यावर टाकली.

जोडसंचाकडे आले की पाहणे आणि वापरणे यांतला तिढा सर्वात स्वच्छ दिसतो. ५१ पेन आणि त्याला शोभणारी, त्याच रंगाची, त्याच टोपणाची यांत्रिक पेन्सिल, साटिनच्या अस्तराच्या पेटीत: पदवी मिळाली, लग्न झाले, नोकरीतून निवृत्ती आली की द्यायची भेट ती हीच. आज संग्राहकाला संच पूर्ण हवा असतो. पेटी, माहितीपत्रक, जमल्यास किमतीचे लेबलसुद्धा. पण असा संच पूर्ण राहिला तो कसा, याचा विचार केला तर उत्तर एकच निघते: तो फारसा कोणी वापरला नाही. वापरणाऱ्याच्या हातून पेन्सिल कार्यालयात राहते, पेटी अडगळीत जाते, टोपण बदलते. म्हणूनच जुन्या बाजारात एकटे पेन आणि एकटी पेन्सिल ढिगाने मिळतात आणि त्यांतून नवे संच ‘जुळवले’ जातात. जाणकार पेनावरची सालाची खूण, टोपणावरच्या रेषांची नक्षी, रंगाची छटा पाहून लग्न मूळचे की नंतरचे हे ओळखतात. मालकाचे नाव कोरलेले असले की भाव उतरतो. एका अर्थी हा न्याय उफराटाच आहे, कारण नाव हा पेन कोणाचे तरी होते याचा एकमेव लेखी पुरावा. संग्राहकांच्या बाजूने एवढे म्हणता येते की सालांच्या खुणा, नक्षींच्या याद्या, सुटे भाग कोणत्या वर्षी बदलले याची टिपणे त्यांच्याच चिकाटीने जमली, आणि वापरणाऱ्याला आज सुटा भाग मिळतो तो त्या ज्ञानामुळे. हे ऋण मोठे आहे. म्हणून न वापरलेल्या संचाला पेनाचा आदर्श नमुना मानावे असे मात्र होत नाही. पेन्सिलीबद्दल थोडे वेगळे बोलावे लागते. पुढच्या काळातल्या बऱ्याच पेन्सिलींत आजचे ०.९ मिलिमीटरचे शिसे बसते, त्यामुळे संचातली धाकटी जाऊ आता कधीकधी थोरलीपेक्षा जास्त लिहिते.

भारतात हे पेन मुख्यतः कोणीतरी आणून दिलेले पेन होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी चैनीच्या वस्तूंवर निर्बंध आले आणि १९५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर ते आणखी आवळले गेले. खिशाला लावलेला पार्करच्या क्लिपचा बाण म्हणून प्रतिष्ठेची खूण झाला. असे असताना ५१ ची कल्पना इथे रुजली ती चिनी हिरो पेनाच्या रूपाने, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. शांघायच्या हिरो ६१६ ची निब तशीच झाकलेली, टोपण तसेच धातूचे, शाई भरण्याची रीतही पट्टी दाबण्याची. दिमाखाचा भाग वजा होता, सोन्याची निब नव्हती; उरली ती फक्त कामाची युक्ती. शाई कॅमलची. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या भुकटीपासून सुरू केलेल्या उद्योगाची, म्हणजे योगायोगाने क्विंकच्याच वयाची. परीक्षेला बसणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या हजारो हातांनी हे पेन पसंत केले ते कोणाला दाखवायला नव्हे. झाकलेल्या निबेला वापरणाऱ्यांनी दिलेले याहून निर्मळ प्रशस्तिपत्र शोधून सापडणार नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्या युक्तिवादाच्या मुळावर येतो. पेन लक्षात येऊ नये हाच गुण मानला तर बॉलपेन जिंकले, विषय संपला. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन विक्रीला आले ते साडेबारा डॉलरला, म्हणजे साध्या टोपणाच्या ५१ च्याच किमतीला. ते गळत होते, अडखळत होते. पण पुढे बॉलपेन सुधारले, स्वस्त झाले आणि शाईच्या पेनाची गरज रोजच्या व्यवहारातून जवळजवळ उठवून गेले. हा पराभव नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एक हिशेब त्यात राहून जातो. बॉलपेनची गोळी फिरावी म्हणून ते दाबावे लागते. ५१ ची निब कागदावर नुसती टेकली की पुरते. पानभर लिहून झाल्यावर बोटांना आणि मनगटाला हा फरक कळतो, आणि आज पन्नास-साठ पाने हाताने लिहिणारे जे थोडे उरले आहेत ते जुन्या ५१ कडे वळतात ते बहुतेक याच कारणाने. बॉलपेनने देखभालीचा त्रास संपवला, हाताचा नाही. ५१ ने दोन्ही कमी करून पाहिले होते.

२०२१ मध्ये कंपनीने या नावाचे पेन पुन्हा काढले. बाहेरून ओळख पटेल इतके साम्य राखले आहे: निमुळते अंग, धातूचे टोपण, निबेचे तेवढेच दिसणारे टोक. आत मात्र कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर आहे आणि टोपण आटे फिरवून लावायचे. जुने ५१ वापरणाऱ्यांची पहिली कुरकुर त्या आट्यांवर झाली, कारण लिहिताना ते बोटांना लागतात. कुरकुर क्षुल्लक वाटेल, पण ती करणारे लोक पेन हातात धरून बोलत होते, आणि नवे पेन घडवणाऱ्यांसमोर बहुधा जुन्याचा फोटो होता.