वाहता कान अंगवळणी पाडू नका

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं, तेव्हा आमचं लक्ष वाचणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यांकडेही असतं. नर्सिंगची जुनी सवय. चिखली तालुक्यातल्या एका वस्तीत नववीतली एक मुलगी डावा कान पुढे करून बसलेली दिसली. उजव्या कानात कापसाचा बोळा. आईला विचारलं तर म्हणाली, "लहानपणापासून कान फुटते तिचा. सर्दी झाली की वाहते. मोठी झाली की जाईन आपोआप."

शाळेत तिच्यावर 'लक्ष नसते' असा शिक्का बसला होता. इतकी वर्षं दवाखान्यातून थेंब मिळत होते, पण कानात उजेड टाकून कुणी पाहिलंच नव्हतं.

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटरचा आणि अगदी पातळ. आवाजाने तो हलतो, त्याच्यामागची तीन बारीक हाडं हलतात आणि आपल्याला ऐकू येतं. सर्दीत नाकामागच्या नळीतून जंतू मधल्या कानात जातात, पू साचतो आणि पडदा फाडून बाहेर येतो. हे भोक बहुतेक वेळा भरून येतं. पण पुन्हा पुन्हा पू झाला की कायमचं राहतं. काडीने, हेअरपिनने किंवा कानाखाली मारल्यानेही पडदा फाटतो. मारणारा मास्तर असो की नवरा, त्याला हे ऐकवाच. असं ताजं भोक बरेचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं, म्हणून डॉक्टर थोडं थांबतात.

न भरलेल्या भोकाला ठिगळ लावता येतं. १९५० च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर या डॉक्टरांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला. तिला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. ठिगळ बाहेरचं नसतं. कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ आवरण असतं. त्याचाच तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली भोकाच्या आतून बसवतात. मोठ्यांना अनेकदा कान बधिर करून, लहानांना पूर्ण भूल देऊन करतात. बहुतेकांचा पडदा जुळतो. काहींचा जुळत नाही, पुन्हा करावं लागतं. ऐकू किती येईल हे आतल्या हाडांवर आणि नसेवरही अवलंबून असतं, म्हणून आधी ऐकण्याची तपासणी करतात.

शक्यतो कान कोरडा असताना शस्त्रक्रिया करतात. म्हणून गरम तेल, कांद्याचा रस, आईचं दूध यातलं काही कानात नको. मेडिकलवरून मनाने आणलेले थेंबही नकोत. फाटक्या पडद्यातून काही औषधं आत जाऊन ऐकण्याची नसच खराब करतात. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घाला. विहिरीत पोहणं बंद.

शस्त्रक्रियेनंतर टाके काढायला, कानातली पट्टी काढायला बोलावतात. काही आठवडे कानात पाणी नको, जोरात नाक शिंकरणं नको, ओझं नको. खरी अडचण इथेच येते. सोयाबीन सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत कोण घरी बसवणार? ऑपरेशन करून आठवड्यात वीटभट्टीवर गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. तारीख घेतानाच डॉक्टरांना कामाचे दिवस सांगा.

बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारून जा. गरज पडली तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेशन कार्ड, आधार बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा. शाळेत, अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा 'कान वाहतो' हे आईनेच सांगावं. त्या दिवशी कान कोरडा असेल तर पथकाला कसं कळणार?

एका गोष्टीला मात्र थांबू नका. पू घाण वास मारत असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो. कान वाहत असताना चक्कर, तोंड वाकडं होणं, ताप आणि असह्य डोकेदुखी, कानामागे सूज यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

त्या मुलीचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं. पडदा जुळला. तपासणीत ऐकणं सुधारलेलं दिसलं, डाव्या कानाइतकं नाही, पण कापसाचा बोळा गेला. टाके काढले त्या दिवशी आईने आम्हाला हळूच विचारलं, "ताई, चिंच खाऊ देऊ का हिला?" आम्ही म्हटलं, खुशाल खाऊ द्या, फक्त कानात पाणी जाऊ देऊ नका.