निराधार वृद्धांचें वेतन आणि संसदेची तपासणी

आपल्या शेतावर तीस-चाळीस वर्षें राबलेला सालदार, किंवा निंदणी-खुरपणीस येणारी मजूर बाई, हातपाय थकल्यावर कशावर जगते, हा प्रश्न जमीन बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें एकदां तरी स्वतःस विचारला असेल. मुलगा सांभाळणारा असला तर बरें. नसला तर सरकारकडून मिळणारें निराधारांचें वेतन हाच काय तो आधार. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां या अर्जांचे गठ्ठे वर्षानुवर्षें हाताळले. "भाऊसाहेब, रक्कम कधीं वाढणार?" हा म्हाताऱ्या माणसांचा ठरलेला प्रश्न असे, आणि त्यास आमच्यापाशीं उत्तर नसे. पुढें सवड मिळाल्यावर हा विषय आम्हीं मुळापासून पाहिला. तोच येथें वाचकांपुढें मांडतों.

वृद्धपणीं व आजारपणीं राज्यानें आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणें साह्य करावें, असें राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत सांगितलें आहे. त्यास अनुसरून १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. प्रारंभीं ६५ वर्षांवरील निराधारास दरमहा ७५ रुपये मिळत. २००६ सालीं ते २०० झाले. २०११ सालीं वयाची अट ६० वर आणली गेली आणि ८० वर्षांवरील माणसास ५०० रुपये ठरले. परंतु ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धांसाठीं केंद्राचा वांटा २०२५ सालापर्यंत २०० रुपयेच राहिला. मधल्या काळांत ज्वारीचा भाव, औषधाचें मोल, एस.टी.चें भाडें कोठल्या कोठें गेलें हें सांगणें नको. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं दरमहाची रक्कम एक हजारावरून दीड हजार केली. परंतु तींतही केंद्राचे दोनशेच, बाकीचा भार राज्याच्या तिजोरीवर.

आतां या दोनशे रुपयांबद्दल दिल्लींत कोणी विचारतो कीं नाहीं? विचारतो. १९९३ सालापासून संसदेच्या खातेवार स्थायी समित्या आहेत. प्रत्येक समितींत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० मिळून ३१ सभासद असतात, आणि ते निरनिराळ्या पक्षांचे असतात. अंदाजपत्रक सादर झाल्यावर समिति खात्याच्या सचिवांस समोर बोलावते, मागितलेल्या रकमेचा हिशेब विचारते व अहवाल देते. सरकारनें त्यावर तीन महिन्यांत उत्तर द्यावयाचें असतें. तें उत्तर तपासून समिति पुन्हां अहवाल काढते. ग्रामविकासाच्या समितीनें हें वेतन वाढवावें अशी शिफारस एकदां नव्हे, अनेक अहवालांतून केली आहे.

दुसरी तपासणी झालेल्या खर्चाची. ती महालेखापरीक्षक करतात, व त्यांच्या अहवालांची छाननी लोकलेखा समिति करते. १९६७ पासून या समितीचें अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतें. २०२३ सालीं संसदेपुढें आलेल्या लेखापरीक्षणांत, या कार्यक्रमाचे २ कोटी ८३ लक्ष रुपये इतर योजनांच्या जाहिरातीकडे वळविल्याचें दाखविलें आहे. मयत माणसांच्या नांवें वेतन चालू राहिल्याचेंही त्यांत नमूद आहे.

इतकें असून दर कां वाढला नाहीं? मर्म येथेंच आहे. लोकसभेस सरकारची मागणी मंजूर करतां येते, नाकारतां येते, कमीही करतां येते. परंतु वाढवितां येत नाहीं. वाढीव मागणी सरकारनेंच आणली पाहिजे. पीक बुडालें म्हणजे तलाठी पंचनामा करतो. त्यांत नुकसान लिहिलें जातें, पण मदतीचा हुकूम वरूनच यावा लागतो. समितीचा अहवाल हा तसाच पंचनामा होय. शिवाय वेळ संपल्यावर पुष्कळ खात्यांच्या मागण्या चर्चेवांचून एकदम मतास टाकल्या जातात. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षीं या कार्यक्रमास ९,६५२ कोटी रुपयेच ठेवले गेले.

सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. केंद्राचें वृद्धवेतन घेणारे सुमारें २ कोटी २१ लक्ष आहेत. प्रत्येकास दरमहा शंभर रुपये वाढवावयाचे म्हटल्यास वर्षास २,६५० कोटींहून अधिक लागतील. ही रक्कम लहान नव्हे. परंतु न वाढविण्याचें कारण असेल तर तें लोकांपुढें स्पष्ट यावें, एवढें मागण्याचा हक्क प्रत्येकास आहे.

पंचनामाच झाला नाहीं तर मदत मागण्यास आधार राहत नाहीं. म्हणून समित्यांचें काम व्यर्थ मानूं नये. त्याचा उपयोग करणारे पाहिजेत. हे अहवाल गुप्त नसतात. संसदेच्या संकेतस्थळावर कोणासही वाचतां येतात. आपले खासदार गांवांत आले म्हणजे "वेतन वाढवा" एवढेंच म्हणूं नये. "समितीची शिफारस सरकारनें कोणत्या कारणानें मान्य केली नाहीं, आणि आपण त्यावर सभागृहांत काय बोललां?" असें विचारावें. तसेंच गांवांत वेतन घेणारें माणूस वारल्यास तलाठ्यास वेळीं कळवावें, म्हणजे खऱ्या गरजूंच्या नांवावर बोट ठेवण्यास जागा राहणार नाहीं.

ज्यांच्या घामानें आपलीं खळीं भरलीं, त्यांच्यासाठीं एवढा प्रश्न विचारणें आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या शेतकऱ्यांस जड नाहीं, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.